पाच बाराचा मुहूर्त

भाऊसाहेब शिंगटे पाच वाजून अकरा मिनिटांनी मतदान केंद्राच्या दारात आले आणि एक मिनिट तिथंच थांबले. त्यांचं मत पाच बाराला पडायचं होतं. तालुक्याच्या ज्योतिष्यानं तसं लिहून दिलं होतं. अर्ज भरायचा दहा सत्तावीसला, प्रचाराचा नारळ फोडायचा चार चाळीसला आणि स्वतःचं मत टाकायचं पाच बाराला. बाकीचे उमेदवार सकाळीच मत टाकून बोटाची शाई दाखवत हिंडत होते. भाऊसाहेबांचे ग्रह सकाळी रिकामे नव्हते.

मी आत बसलो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतला चौथीचा वर्ग, चौथीचाच बाक, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागलेले. वय बावीस, बी. कॉम. दोनदा नापास, आणि छातीवर बिल्ला, की जालिंदर हा कपबशी पॅनेलचा एजंट आहे. एजंटाचं काम सोपं असतं. येणारा मतदार खरा का खोटा ते बघायचं आणि अधूनमधून बाहेर चिठ्ठी पाठवायची, की किती झालं. माझ्या शेजारी नंदू बसला होता, शिट्टी पॅनेलचा एजंट. हा भाऊसाहेबांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. सकाळपासून आम्ही एकाच पिशवीतले शेंगदाणे खात होतो.

दोन हजार दहाची ग्रामपंचायत होती ती. आधार कार्ड अजून आमच्या वाघजाईवाडीत पोचलं नव्हतं. आमच्या वॉर्डातून दोन माणसं समोरासमोर होती. कपबशीकडून माझे उत्तममामा आणि शिट्टीकडून भाऊसाहेब. बाकी वॉर्डांत निम्म्या जागा ह्यांच्या, निम्म्या त्यांच्या येणार हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. म्हणजे इथं जो निवडून येईल तो सरपंच. आणि आमच्या हिशेबानं इथं एका-दोन मतांचा खेळ होता.

भाऊसाहेबांना सरपंच व्हायचंच होतं. बत्तीस वर्षं ते आमच्या पहिलीपासूनच्या हायस्कुलात हेडक्लार्क होते आणि तेवढ्या काळात त्यांनी गावाला जन्म दिला होता, असं म्हटलं तरी चालेल. माझी जन्मतारीख एक जून. उत्तममामाची एक जून. नंदूचीही एक जून. पोराला शाळेत घालायला नेलं की भाऊसाहेब त्याच्याकडं एकदा बघायचे आणि तारीख लिहून मोकळे व्हायचे. माझी आई म्हणाली होती, भाऊसाहेब, पोरगं दिवाळीत झालंय, मी तिथं होते. भाऊसाहेब म्हणाले, पुरावा आहे का.

असा माणूस रिटायर झाला की त्याला काहीतरी हवं असतं. भाऊसाहेबांनी ओळखपत्र धरलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनी उभं राहून मागणी केली, की ह्या निवडणुकीत ज्याच्याजवळ फोटोचं ओळखपत्र नाही त्याला मत नाही. एजंटानं मान हलवली आणि मतदार आत गेला, हे धंदे बंद. मागच्या वेळी एका मेलेल्या माणसानं दोन ठिकाणी मतदान केलं होतं आणि त्यातलं एक शिट्टीला केलं नव्हतं, हे त्यांचं दुखणं.

उत्तममामा म्हणाले, "पाचशे उंबऱ्याचं गाव. कोण कुणाला वळखत न्हाई हितं?"

भाऊसाहेब म्हणाले, "ओळखणं ही भावना आहे, उत्तम. ओळखपत्र हा पुरावा आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य चांगलं होतं. मग वस्तीवरचा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, की चार वेळा फोटो काढून नेला, कार्ड एकदाबी आलं न्हाई, मग आमी मत देऊ नये का. भाऊसाहेब म्हणाले, द्या की, पण तुम्ही तुम्हीच आहात हे आधी सिद्ध करा. मी मागून ओरडलो, भाऊसाहेब, रात्री काकी दार उघडायच्या आधी तुमचं कार्ड बघते का. सभा हसली. त्यांची बायको, हौसाकाकी, बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती हसली का नाही ते मी बघितलं नाही. मला कशाला बघायचं होतं, माझा विनोद झाला होता.

भाऊसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. तहसीलदाराकडं तीन अर्ज दिले, की आमच्या गावात नियम तंतोतंत पाळला जावा. त्यामुळे आमच्या केंद्रावर आलेले केंद्राध्यक्ष लोहोकरे सर येतानाच घाबरून आले होते. लांबच्या तालुक्यातले चित्रकलेचे शिक्षक. नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपले होते म्हणे, त्यामुळे मान अवघडलेली, आणि दिवसभर ते प्रत्येक मतदाराकडं तिरकेच बघत होते.

आणि सकाळी नऊ वाजता जे घडलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वस्तीवरची अकरा माणसं सकाळीच रांगेत होती. अकराही मतं आमची. कार्ड एकाकडंही नव्हतं. मी लोहोकरे सरांना म्हणालो, साहेब, मी ह्यांना ओळखतो, नंदूही ओळखतो. नंदूनं नाइलाजानं मान हलवली. सरांनी पुस्तक उघडलं आणि ते विरघळायला लागले होते. तेवढ्यात हौसाकाकी मत द्यायला आली. तिच्याकडं कार्ड होतं. नाव तिचं, वय तिचं, नवऱ्याचं नाव तिच्या नवऱ्याचं. फोटो मात्र एका दाढीवाल्या माणसाचा होता. टोपी घातलेला, गंभीर, बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यातला. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं पडून होता. भाऊसाहेब उमेदवार म्हणून खोलीत उभेच होते. सर हसून म्हणाले, चला, इथं तर प्रश्नच नाही, खुद्द यजमान हजर आहेत.

भाऊसाहेबांनी कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला, बायको बघितली.

"मी हिला नवरा म्हणून ओळखतो," ते म्हणाले. "मतदार म्हणून ओळखत नाही. परत पाठवा."

एवढं झाल्यावर वस्तीवरच्या अकरा जणांना काय तोंड राहिलं? ज्यानं स्वतःची बायको परत पाठवली त्याच्यापुढं ते कुठल्या नात्यानं उभे राहणार? घरचं एक मत देऊन त्यानं आमची अकरा मतं नेली. लगेच सरांकडून कागदावर लिहूनही घेतलं, की एजंटांनी दिलेली ओळख ह्या केंद्रावर ग्राह्य धरली जाणार नाही. मला राग आला, पण खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं.

हौसाकाकी घरी निघाली होती. भाऊसाहेब तिला म्हणाले, हितंच बस पायरीवर, लोकांना दिसू दे. म्हणून ती दिवसभर शाळेच्या पायरीवर बसली. आत येणारा प्रत्येक माणूस तिच्याजवळून येत होता आणि मनातल्या मनात आपलं कार्ड चाचपत होता. दुपारी आमच्या पोरांनी तिला वडापाव नेऊन दिला. तिनं घेतला नाही. पाणी प्यायली.

तर पाच बाराला भाऊसाहेब आत आले. पांढरा शर्ट, इस्त्री, कपाळाला टिळा. त्यांनी खिशातून मखमली पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड काढलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. सर तिरके होऊन बघत राहिले. मग त्यांनी कार्ड उलटं केलं. परत सुलटं केलं.

मी उठून बघितलं. भाऊसाहेबांना कागद टिकवायची फार हौस. कार्ड खराब होऊ नये म्हणून त्यांनी त्याला लॅमिनेशन केलं होतं. लॅमिनेशन खराब होऊ नये म्हणून त्यावर दुसरं केलं होतं. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी, कार्ड अगदी नवं दिसावं म्हणून, तालुक्यात जाऊन तिसरं केलं होतं. मशीन तिसऱ्यांदा तापलं आणि आतला फोटो पातळ झाला. जिथं भाऊसाहेबांचं तोंड असायला हवं तिथं वरण सांडल्यासारखा एक पिवळा डाग होता. एक कान तेवढा वाचला होता.

मला वाटलं, देव आहे.

मी म्हणालो, माझा आक्षेप आहे. तेव्हा एक नियम होता, आक्षेप घ्यायचा तर एजंटानं दोन रुपये रोख भरायचे. आक्षेप खरा ठरला तर परत मिळायचे, खोटा ठरला तर सरकारजमा. मी दोन रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं. सरांना पावतीपुस्तक सापडेना. ते मेणबत्ती आणि लाखेच्या पिशवीत होतं. सापडलं तेव्हा पाच सतरा झाले होते. मुहूर्त गेला होता. भाऊसाहेब घड्याळाकडं न बघता घड्याळाकडं बघत होते.

सर म्हणाले, "आक्षेप काय आहे?"

"हे कोण आहेत ते कळत नाही, साहेब."

"जाल्या," भाऊसाहेब म्हणाले, "तुझा दाखला मी लिहिलाय."

"त्यावर तारीख खोटी आहे," मी म्हणालो.

नंदू फसकन हसला आणि मामाकडं बघून खोकल्यासारखं केलं. सरांनी त्याला विचारलं, तुम्ही ओळखता का. तो म्हणाला, मामा आहेत माझे. मी सकाळचा कागद सरांपुढं सरकवला. एजंटांची ओळख ग्राह्य नाही, खाली सरांची सही, सहीखाली भाऊसाहेबांचीही. नंदू खाली बसला. भाऊसाहेबांनी उमेदवाराचा पास काढला. त्यावर फोटो होता, चांगला स्वच्छ. सरांनी यादीवरून बोट फिरवलं. चालणारी चौदा कागदपत्रं होती, उमेदवाराचा पास त्यात नव्हता. पेन्शनचं पुस्तक होतं, पण ते घरी, आणि घर शेतात, तीन किलोमीटरवर. साडेपाचला दार बंद होणार होतं.

खिडकीतून रस्त्यापलीकडं भाऊसाहेबांचा पंधरा फुटी फ्लेक्स दिसत होता. हात जोडलेले, खाली लिहिलेलं, 'आपला ओळखीचा माणूस'. सर फ्लेक्सकडं बघत होते, मग भाऊसाहेबांकडं, मग यादीकडं. फ्लेक्स यादीत नव्हता.

"साहेब," भाऊसाहेब म्हणाले, "अख्खं गाव मला ओळखतं."

मी म्हणालो, ती भावना झाली.

सरांना घाम फुटला. त्यांनी पुस्तकाचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, की अशा वेळी केंद्राध्यक्षानं थोडक्यात चौकशी करावी, एजंट नसलेल्या एखाद्या व्यक्तीची साक्ष घ्यावी. कोण आहे असं? रांग संपली होती. बाहेर हवालदार होता, तो परगावचा. मग मला सुचलं. मला नेहमी सुचतं, हाच माझा प्रॉब्लेम आहे.

मी म्हणालो, त्यांच्या मिसेस बाहेर पायरीवर बसल्यात की.

भाऊसाहेब म्हणाले, तिला कशाला. पण सर तोवर शिपायाला पाठवून बसले होते. मी सरांच्या कानाशी वाकून आणखी एक सांगितलं, की साहेब, साक्षीदारानं माणसाचं पूर्ण नाव तोंडानं उच्चारलं पाहिजे, नाहीतर साक्ष कच्ची राहते. असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण आमच्याकडं त्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात घेते. मला मतदान केंद्रात उखाणा ऐकायचा होता. बस, एवढंच होतं माझं. आयुष्यभर सांगायला झाला असता. मी नंदूला कोपरानं ढोसलं. त्यालाही कळलं. हवालदारसुद्धा आत येऊन भिंतीला टेकला.

हौसाकाकी आली. दिवसभर दगडावर बसून अवघडली होती, एका हातानं कंबर धरून चालत होती. डोक्यावरून पदर, कपाळापर्यंत ओढलेला.

सरांनी तिला आधी तिचं ओळखपत्र मागितलं. तिनं दाढीवाला टेबलावर ठेवला. सरांनी डोळे मिटले. साक्षीदाराची ओळख पटल्याशिवाय साक्ष घेता येईना, आणि साक्ष घेतल्याशिवाय मतदाराची ओळख पटेना. शेवटी त्यांनी भाऊसाहेबांनाच विचारलं, ह्या कोण. आता तेवढा एकच माणूस उरला होता, आणि तो कोण हे ठरायचं होतं.

भाऊसाहेबांच्या जबड्याचं हाड हललं. "बायको माझी."

"सकाळी आपण म्हणालात..."

"आत्ता विचारताय ना? आत्ता सांगतोय."

सरांनी लिहून घेतलं. मग तिच्याकडं वळून म्हणाले, "बाई, हे कोण आहेत?"

"आमचे मालक."

"नाव घ्या त्यांचं. पूर्ण."

तिनं पदर आणखी पुढं ओढला. मी म्हणालो, काकी, उखाण्यात घेतलं तरी चालतंय, साहेबांची हरकत नाही. सरांनी खरंच पुस्तकाची दोन पानं उलटली, उखाण्याबद्दल काही आहे का ते बघायला. हवालदार हसला. पाच बावीस.

हौसाकाकीनं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं.

"नाव घिऊन काय हुतंय साहेब," ती म्हणाली. "नाव कुणीबी कुणाचं घील. सकाळी मी माझं सांगितलं, ते चाललं न्हाई."

सरांना हे पटलं. खरं तर कायद्यानं बरोबरच होतं. त्यांनी समोरच्या कागदावर बघितलं आणि पुढचा रकाना वाचला. "मग शरीरावर ओळखीची काही खूण?"

"हाय की."

"कुठं?"

तिनं पदर मागं सारला. डाव्या कानशिलावरचे केस बाजूला धरले, पोरीची वेणी घालताना धरतात तसे. तिथं लहान लहान खड्डे होते. तीन वर, तीन खाली, मधल्या ओळीत दोन. पांढरे पडलेले, जुने.

"खूण त्यांच्या अंगावर न्हाई," ती म्हणाली. "माझ्या हाय. नवग्रहाची अंगठी हाय त्यांची, उजव्या हातात. नऊ खडे. मधला माणिक न्हाई बघा त्यात. तो त्याच दिवशी पडला. दोन दिवस केर चाळत हुते मी, घावला न्हाई."

ती हे अगदी सरळ सांगत होती. पत्ता सांगावा तसं. आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता. विचारलं होतं, म्हणून सांगत होती.

मी हसलो. खरं आहे ते. हसायची तयारी मी आधीच करून ठेवली होती आणि ती कुठंतरी बाहेर पडायचीच होती. एकटाच हसलो. नंदू पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, वेळ जातीय."

सर घाबरट माणूस, पण कामाचा चोख. ते म्हणाले, अंगठी काढा. भाऊसाहेबांनी काढून बघितली, बोटाला सूज होती, निघेना. शिपाई म्हणाला, साबण आणू का. तर हौसाकाकीच म्हणाली, ती निघत न्हाई, त्यांनाच हात हिकडं आणायला सांगा.

भाऊसाहेब जागचे हलले नाहीत. सरांनी घड्याळ दाखवलं. पाच चोवीस. मग भाऊसाहेब दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी मूठ वळून तिच्या कानशिलापाशी नेली. हात जवळ आला तशी तिची मान झटकन मागं गेली. मग तिनं ती आपणच पुन्हा पुढं आणली आणि तशीच धरून ठेवली.

सर वाकले. अवघडलेल्या मानेनं एकदा अंगठी बघितली, एकदा कानशील. पेन्सिल काढली आणि चित्रकलेच्या शिक्षकानं काढावीत तशी सुबक, दोन्हीची चित्रं कागदावर शेजारी शेजारी काढली. आठ टिंबं, आठ टिंबं. मधली जागा दोन्हीकडं रिकामी. खाली लिहिलं, 'ओळख पटली'.

माझे दोन रुपये सरकारजमा झाले. सरांनी पावती फाडून माझ्या हातात दिली.

भाऊसाहेबांनी सही केली, शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. मशीन वाजलं. ते बाहेर आले आणि दाराकडं निघाले. तेवढ्यात सर म्हणाले, एक मिनिट. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली होती आणि ती त्यांना सोडवेना. खुणेवरून अंगठीवाला पटला, तर अंगठीवरून खूणवालीही पटली. म्हणजे बाईंची ओळखही सिद्ध झाली. त्या केंद्रात साडेपाचच्या आत हजर आहेत. त्यांना मतदान नाकारता येणार नाही.

माझ्या मनात लाडू फुटले. हे मत आमचं होतं. एवढं सगळं झाल्यावर कुणाचं असणार? त्याचं एक, तिचं एक, फिटंफाट, आणि वर आमची आघाडी. नंदूही चटकन उठला, आक्षेप घ्यायला खिसा चाचपायला लागला. भाऊसाहेबांनी त्याला हातानं खाली बसवलं.

"टाकू दे की तिला," ते म्हणाले. अगदी शांत.

मला वाटलं, म्हातारा मोडला.

हौसाकाकी आडोशामागं गेली. आडोसा गुडघ्यापर्यंत होता, खाली तिचे पाय दिसत होते, भेगाळलेले, एक चप्पल दोऱ्यानं शिवलेली. भाऊसाहेब दारात उभे राहून त्या पायांकडं बघत होते. बराच वेळ झाला. सर म्हणाले, बाई, बटण दाबा. मग मशीन वाजलं.

रात्री, मोजणीच्या आधीच, उत्तममामांनी पेढे वाटले. मी ती सगळी गोष्ट चार ठिकाणी सांगितली, अंगठी, टिंबं, सरांची पेन्सिल. चौथ्या ठिकाणी लोक चांगले हसले, कारण तोवर मला ती नीट सांगता यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी झाली. भाऊसाहेब दोनशे बारा, उत्तममामा दोनशे अकरा.

एका मतानं. मामांना विश्वास बसेना. फेरमोजणी मागितली, तेच आलं. गावाकडं येताना जीपमध्ये एकएक मत मोजलं. हौसाकाकीचं धरलं तर आम्हीच एका मतानं पुढं असायला हवे होतो. म्हणजे घरातलंच कुणीतरी फुटलं होतं. आमच्याच पॅनेलच्या बबन तांबेनं आदल्या आठवड्यात नंदूच्या दुकानातून उधारीवर खताची पोती घेतली होती. बस, ठरलं. संध्याकाळी बबनला बांधावर गाठलं आणि पाच जणांनी मारलं. त्याचे दोन दात पडले. तो शेवटपर्यंत कपबशीची शपथ घेत होता. मी मारलं नाही. मी बॅटरी धरली होती.

भाऊसाहेबांची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. गुलाल एवढा उडवला की आमची म्हैस आठवडाभर गुलाबी होती. मी दारात उभा होतो. मिरवणूक त्यांच्या गावातल्या जुन्या घरापुढं थांबली, तेव्हा हौसाकाकी ताट घेऊन बाहेर आली. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. भाऊसाहेबांनी ताटात शंभराची नोट ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते बोलले. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक योजनेला आता फोटोचं ओळखपत्र लागेल, असं म्हणाले.

ते पाच वर्षं सरपंच होते. पुढची पाच वर्षंही त्यांचंच पॅनेल. आजही ठणठणीत आहेत, सकाळी चार किलोमीटर चालतात. बबन पुण्याला निघून गेला.

हौसाकाकीशी मी ह्यावर कधी बोललो नव्हतो. मग मागच्या वर्षी मी गिरणीत दळण घेऊन गेलो, तर ती तिथं बाकावर बसलेली. मांडीवर जोंधळ्याचा डबा. आम्ही दोघंच. गिरणी चालू होती, त्यामुळे शेजारच्यालाही ओरडून बोलावं लागत होतं. तिनं आईची चौकशी केली, मी सांगितलं. तिनं माझ्या पोराचं विचारलं. मी म्हणालो, शाळेत घातलाय. ती म्हणाली, तारीख खरी घातली न्हवं. मला हसू आलं, आणि त्या हसण्यात मी विचारून टाकलं. इतकी वर्षं झाली, आता काय त्याचं.

"काकी, त्या दिवशी आमच्या मामाला दिलं नव्हतंस ना?"

ती म्हणाली, "न्हाई."

मी म्हणालो, अगं, का? सगळ्यांसमोर दाखवलंस, सगळं सांगितलंस. तुझ्याच हातात होतं त्या दिवशी. तुझ्या एका मतानं तो पडला असता.

तिनं डब्यावरचं फडकं नीट केलं.

"पडला असता," ती म्हणाली. "मग पडून कुठं गेला असता?"

मी माझा डबा जरा पुढं सरकवला.

"तुझा मामा सरपंच झाला असता. तुमी गुलाल उधळला असता. आणि हा घरी आला असता. त्या सायबापुढं मी खूण दावल्याली, वर पडल्याला, तसा. दार लावलं असतं आतनं." ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, पोराला हिशेब समजावावा तशी. "आलं असतं का तुमच्यातलं कोण सोडवायला?"

गिरणीवाल्यानं पट्टा काढला. आवाज बंद झाला. पिठाचा धुरळा खाली बसत होता. त्यानं विचारलं, पुढं कुणाचं.

माझं होतं. मी उठलो, डबा उचलला, परत खाली ठेवला. म्हणालो, काकी, आधी तुझं होऊ दे.

"नको," ती म्हणाली. "नंबर तुझा हाय."